आजोबांचा स्वेटर आणि दोन टाक्यांची चूक

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी नाशिकला दिवाळी संपताच थंडी पडू लागली. आजोबा पहाटे उठून ओसरीवर बसत. अंगावर एक जुनी शाल असे; पण हात हलवला की ती खांद्यावरून घसरे. संक्रांतीच्या आत त्यांना एक बिनबाह्यांचा स्वेटर विणून द्यायचा, असे मी मनाशी ठरवले. आत्या विणकामात तरबेज. तिने मला टाके घालायला आणि सुलट-उलट विणायला शिकवले. मग म्हणाली, "आधी हाताएवढा चौकोन विणून बघ. त्यातले टाके मोज आणि मगच स्वेटर सुरू कर."

चौकोन विणण्यात दोन संध्याकाळी जाणार! मला तेवढा धीर कुठला? पुढच्या भागाला आत्या ११० टाके घालते, हे मला ठाऊक होते. मीही ११० टाके घातले. महिन्याभराने पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग तयार झाले. आत्याने ते आजोबांच्या अंगाला लावून पाहिले आणि तिला हसूच आले. स्वेटर छातीला १० सेंटिमीटर जास्त झाला होता. लोकर आत्याचीच, सुया तिच्याच, टाकेही तेवढेच. मग हे १० सेंटिमीटर आले कुठून?

विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी स्वेटर म्हणजे काय हे नीट पाहायला हवे.

विणणे आणि विणणे

मराठीत आपण साडी विणतो, खाट विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो. क्रियापद एकच; पण कृती मात्र वेगळ्या आहेत. मागावर कापड विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, आधी ताणून बांधतात. त्यांच्यामधून आडवा धागा, म्हणजे बाणा, एकदा खालून आणि एकदा वरून नेतात. आपल्याकडे धनगरांच्या खांद्यावर दिसणारी घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. पण तीही अशी मागावरच विणलेली असते. अशा कापडातले धागे जवळजवळ सरळ असतात. सरळ धागा ओढला तर तो फारसा लांबत नाही. म्हणून घोंगडी किंवा सुती सदरा ताणला जात नाही.

आपला हातरुमाल घ्या. तो धाग्यांच्या दिशेने ओढून पाहा; तो हटत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून तिरका ओढा. तो थोडा ताणला जातो, कारण आता धागे लांबत नाहीत, तर त्यांच्यामधला कोन बदलतो.

सुयांवरच्या विणकामात ताणा नाही आणि बाणाही नाही. आहे तो एकच धागा. या धाग्याचा एक फासा करायचा, त्या फाशातून दुसरा फासा ओढून काढायचा, त्यातून तिसरा. याच फाशाला आपण टाका म्हणतो. संपूर्ण स्वेटरात गाठी फक्त गुंडा संपून नवा जोडला तेथे, आणि सुरुवातीला व शेवटी. बाकी सारा स्वेटर म्हणजे वाकवलेला धागा. शेवटचा टाका मोकळा करून धागा ओढला की सगळे विणकाम पुन्हा धागा होते. साडी अशी उसवून दाखवा पाहू!

हाताने जे एकेक टाक्याने होते, ते यंत्राने करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने केला. त्याच्या यंत्रात प्रत्येक टाक्यासाठी एक आकडेदार सुई होती आणि संपूर्ण ओळ एकाच वेळी विणली जाई. आज आपण घालतो ते बनियन, पायमोजे आणि खेळाच्या तासाचे टी-शर्ट याच तत्त्वाने विणलेले असतात. बनियनच्या कापडावर भिंग धरून पाहा. तुम्हाला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टाक्यांच्या उभ्या रांगा दिसतील. त्याच स्वेटरवरही असतात; फक्त मोठ्या.

न ताणणाऱ्या धाग्याचे ताणणारे कापड

लोकरीचा धागा दोन्ही हातांनी धरून ओढला तर तो थोडासाच लांबतो. पण त्याच धाग्याचा स्वेटर डोक्यातून घालताना चांगला रुंद होतो आणि अंगावर आल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होतो. हे कसे?

स्वेटर ओढल्यावर धागा लांबत नाही. फाशांचा आकार बदलतो. आडवा ओढला की उंच फासे बसके आणि रुंद होतात. उभा ओढला की रुंद फासे अरुंद आणि उंच होतात. वाकवलेल्या धाग्याला सरळ होण्याची ओढ असते. पण शेजारचे फासे त्याला अडवून धरतात आणि जेथे धाग्याला धागा टेकतो तेथे घर्षण असते. ही ओढ आणि ही अडवणूक यांचा समतोल म्हणजे स्वेटरचा आकार. ताण सोडला की फासे त्या समतोलाकडे परत येतात. म्हणजे हा लवचीकपणा पदार्थापेक्षा रचनेतून अधिक आला आहे. घड्याळातली किंवा पेनातली स्प्रिंग आठवा. तिची पोलादी तार ताणली जात नाही. पण वेटोळे केल्यावर तीच तार ताणली जाते.

आता टाके दोनच, सुलट आणि उलट. खरे म्हणजे तो एकच टाका आहे. एका बाजूने सुलट दिसतो तो दुसऱ्या बाजूने उलट दिसतो. पण हे दोन टाके कोणत्या क्रमाने विणले यावर कापडाचे गुण ठरतात. एका बाजूने सगळे सुलट टाके दिसतील असे विणले तर सगळ्या फाशांचा कल एकाच बाजूला होतो आणि कापडाच्या कडा गुंडाळू लागतात. दोन सुलट, दोन उलट अशा उभ्या पट्ट्या विणल्या तर उलट पट्ट्या मागे दडतात, कापड पेटीच्या भात्यासारखे मिटते आणि ओढले की खूप उघडते. म्हणूनच कंबर, गळा आणि मनगट येथे नेहमी अशी वीण घालतात. कोणत्याही आत्याला हे माहीत असते. पण हे गणिताने सांगता येईल का?

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेटा मात्सुमोटो आणि त्यांचे सहकारी नेमका हाच अभ्यास करतात. त्यांनी २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात चार नेहमीच्या विणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. विणलेले तुकडे ताणून मोजमापे घेतली आणि संगणकावर त्यांची प्रतिकृती केली. सुलट-उलट टाक्यांची मांडणी बदलली की त्याच धाग्याचे कापड किती मऊ किंवा किती ताठ होते, हे त्यातून दिसून आले. जे आत्याच्या बोटांना ठाऊक होते, त्याला आता समीकरणे मिळू लागली आहेत.

दोन टाक्यांची चूक

आता माझ्या चुकीकडे वळू. टाक्याचा आकार तीन गोष्टींवर ठरतो: धाग्याची जाडी, सुईची जाडी आणि विणणाराचा हात. सुयांच्या जुन्या क्रमांकांत एक गंमत आहे. क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, तर दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटर. माझ्या आणि आत्याच्या सुया एकच होत्या. धागाही एकच. फरक होता तो हाताचा. आत्या धागा बोटावरून घट्ट ओढून घेई. माझा हात सैल होता. आत्याच्या विणीत १० सेंटिमीटरला २२ टाके बसत, माझ्या विणीत २०. फरक अवघा दोन टाक्यांचा.

आजोबांची छाती ९० सेंटिमीटर. स्वेटर आत घातलेल्या सदऱ्यावरून सहज बसावा म्हणून १० सेंटिमीटर सैल ठेवायचा, म्हणजे एकूण घेर १०० सेंटिमीटर. पुढचा भाग ५० सेंटिमीटर. आत्याच्या हाताने:

५० × २२ ÷ १० = ११० टाके.

हे बरोबरच आहे. पण माझ्या हाताने ११० टाक्यांची रुंदी किती?

११० × १० ÷ २० = ५५ सेंटिमीटर.

पुढे ५ आणि मागे ५ असे १० सेंटिमीटर जास्त झाले. चौकोन विणला असता तर हे त्रैराशिक पहिल्याच दिवशी मांडता आले असते आणि मी १०० टाके घातले असते. शाळेतल्या प्रयोगातही आपण असेच करतो. मोजपट्टीचे किंवा तराजूचे वाचन घेण्याआधी त्याची शून्यचूक तपासतो. विणकामातले मोजण्याचे साधन म्हणजे विणणाराचा हात. तो चौकोन म्हणजे त्या हाताची तपासणी.

सगळे विणकाम उसवावे लागले. उसवलेला धागा सरळ नव्हता. शेवयांसारखा वेडावाकडा झाला होता. आत्याने त्याच्या सैल लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवल्या आणि खाली हलके वजन अडकवून वाळत टाकल्या. दुसऱ्या दिवशी धागा सरळ! ही जादू समजायला लोकरीच्या आत शिरावे लागते.

लोकरीच्या आत

लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांप्रमाणे आणि नखांप्रमाणे त्याही केराटिन या प्रथिनाच्या बनलेल्या असतात. प्रथिनाचे लांब रेणू मळसूत्रासारखे वळलेले असतात आणि शेजारच्या रेणूंशी ठिकठिकाणी जोडलेले असतात. यातले काही बंध पक्के असतात, ते गंधकाच्या अणूंमुळे झालेले. तर काही कच्चे, हायड्रोजन बंध. पाणी लागले की कच्चे बंध सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. टाक्यात वाकून राहिलेल्या धाग्यात हवेतल्या दमटपणामुळे हे बंध वाकड्या स्थितीत जुळतात. म्हणून उसवलेला धागा वाकडा. भिजवून, हलका ताण देऊन वाळवला की ते सरळ स्थितीत जुळतात. म्हणून धागा सरळ.

येथे एक आठवण सांगितली पाहिजे. लोकरीच्या प्रथिनात कोणती अमिनो आम्ले आहेत हे शोधताना इंग्लंडमधील लीड्स येथील लोकर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली मिश्रणातील घटक वेगळे करण्याची एक नवी पद्धत काढली. १९४४ मध्ये मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच कागदावर करून दाखवली. गाळणकागदावर शाईचा ठिपका ठेवून रंग वेगळे करण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल, तोच हा वर्णलेखनाचा प्रयोग. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढीच्या केसांचा अभ्यास असा साऱ्या रसायनशास्त्राच्या उपयोगी पडला.

आजोबा हवा पांघरतात

मी पुन्हा १०० टाके घातले. संक्रांत हुकली, पण जानेवारी संपण्याआधी स्वेटर आजोबांच्या अंगावर चढला. पहाटे ओसरीवर बसून ते म्हणाले, "आता पोरीचा स्वेटर ऊब देतो." शब्द गोड होते, पण विज्ञानाच्या दृष्टीने त्यात दुरुस्ती हवी. स्वेटर ऊब देत नाही. ऊब आजोबांच्या शरीराची. स्वेटर ती लवकर बाहेर जाऊ देत नाही, इतकेच.

आणि हे कामही मुख्यतः लोकर करत नाही. ते करते हवा. कसे ते हिशेबाने पाहू. आजोबांच्या स्वेटरचे वजन २६० ग्रॅम भरले. लोकरीच्या तंतूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३ ग्रॅम असते. म्हणजे स्वेटरातल्या तंतूंचे आकारमान २६० ÷ १.३ = २०० घन सेंटिमीटर. गळा आणि बगला वजा जाता विणीचे क्षेत्रफळ सुमारे ५,४०० चौरस सेंटिमीटर होते आणि जाडी सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे स्वेटरचे एकूण आकारमान ५,४०० × ०.३ = १,६२० घन सेंटिमीटर. यातले तंतू फक्त २००! उरलेली सुमारे ८८ टक्के जागा हवेची. आजोबा लोकरीच्या जाळ्यात अडकवलेली हवा पांघरून बसले होते.

स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पण मोकळी हवा स्थिर राहत नाही. गरम झालेली वर जाते, थंड हवा तिची जागा घेते आणि उष्णता निघून जाते. बारीक, कुरळे तंतू हवेचे लहान लहान कप्पे करतात आणि तिला हलू देत नाहीत. मात्र जोराचा वारा टाक्यांमधल्या फटींतून आत घुसतो आणि ही स्थिर हवा हुसकून लावतो. म्हणून सायकलवरून जाताना नुसत्या स्वेटरात थंडी वाजते. वरून साधे पातळ जाकीट घातले तरी ती थांबते.

लोकरीचा आणखी एक गुण आहे. तिच्या तंतूचा पृष्ठभाग तेलकट असल्यामुळे पाण्याचे थेंब वरून ओघळतात. पण पाण्याची वाफ मात्र तंतूच्या आत शिरते. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी वाफ ती ओली न वाटता सामावून घेते आणि ती घेताना थोडी उष्णताही बाहेर टाकते. पहाटेच्या दमट थंडीत हे उपयोगी पडते.

मात्र सगळी लोकर सारखी नसते. अंगाला मऊ लागणारा लोकरीचा तंतू सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, इतका बारीक असतो. तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाले की त्यांची टोके त्वचेवर टेकल्यावर वाकत नाहीत, टोचतात. आजी-आजोबांसाठी किंवा तान्ह्या बाळासाठी विणताना रंगाआधी हे तपासावे. लोकर गालावर किंवा मानेवर घासून पाहिली की लगेच कळते.

आकसलेला स्वेटर

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू होताना स्वेटर धुवायचे काम मी आपणहून घेतले. बंबातले कढत पाणी काढले, त्यात साबण घातला आणि सुती कपड्यासारखा स्वेटर खसाखसा चोळला. वाळल्यावर पाहते तो काय, स्वेटर घट्ट, जाड आणि आखूड झाला होता. आजोबांच्या खांद्यावरून तो खालीच येईना. या वेळी आत्या हसली नाही.

काय झाले होते? लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो. शेंड्याच्या दिशेने सरकताना त्याचे खवले अडतात. कढत पाण्याने तंतू फुगतो आणि लवचीक होतो, साबणाने निसरडा होतो आणि चोळण्याने हलतो. प्रत्येक चोळणीला तो एकाच दिशेने थोडा पुढे सरकतो आणि मागे येत नाही. हजारो तंतू असे एकमेकांत घुसत गेले की त्यांचा दाट थर होतो. काश्मिरात नमदे याच गुणाचा उपयोग करून बनवतात. म्हणजे मी आजोबांच्या स्वेटरचा नमदा केला होता! उसवून पुन्हा विणावे म्हटले तर धागाही निघेना. पहिली चूक उसवता आली. ही नाही आली.

म्हणून लोकर गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात, न चोळता, नुसती दाबून धुवावी आणि आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनाने फासे लांबतात. आज यंत्रात धुता येणारी लोकरही मिळते. तिच्यावरील खवल्यांची टोके रासायनिक प्रक्रियेने बोथट करून त्यांवर पातळ लेप दिलेला असतो. बाजारात लोकर म्हणून मिळणारे अनेक गुंडे तर अ‍ॅक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम तंतूचे असतात. ते असे आकसत नाहीत. पण वाफही फारशी शोषत नाहीत.

करून पाहा

१. एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरा आणि बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळा. केस एकाच बाजूला सरकत जाईल. टोके उलटसुलट करून पुन्हा करा. तो नेहमी मुळाच्या बाजूलाच सरकतो. स्वेटर आकसला तो याच कारणाने.

२. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच करावा. लोकरीचा आणि अ‍ॅक्रिलिकचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. लोकर जळक्या केसांचा वास देत जळते आणि तिची राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि थंड झाल्यावर त्याची कठीण काळी गोळी उरते.

३. कार्यानुभवाच्या तासाला वर्गातल्या सर्वांनी, मुलांनी आणि मुलींनी, एकाच जाडीच्या सुया आणि एकच लोकर घेऊन २४ टाक्यांचा चौकोन विणावा. मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे आणि आलेख काढावा. मग एक ओळ उसवून धाग्याची लांबी मोजावी. माझ्या १०० टाक्यांच्या ओळीत १७० सेंटिमीटर धागा निघाला होता, म्हणजे टाक्याला १.७ सेंटिमीटर. आजोबांच्या स्वेटरात सुमारे ३० हजार टाके होते. त्यात किती मीटर धागा लागला असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

आकसलेला तो स्वेटर धाकट्या भावाला अगदी बेताचा बसला आणि त्याने तो दोन हिवाळे वापरला. आजोबांसाठी मी त्याच वर्षी दुसरा विणायला घेतला. पण या वेळी पहिल्या दोन संध्याकाळी फक्त एक चौकोन विणला. टाके मोजले, वहीत त्रैराशिक मांडले, चौकोन कोमट पाण्यातून काढून वाळवला आणि पुन्हा मोजला. स्वेटर पहिल्याच खेपेला बेताचा बसला. आजोबांनी तो अखेरपर्यंत वापरला आणि दर वेळी मीच तो गार पाण्यात धुतला.

आजोबा आज नाहीत. तो चौकोन मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. मोजमापाचा धडा शिकवायचा असला की मी तो वर्गात घेऊन जाते, मुलांच्या हाती पट्टी देते आणि म्हणते, "मोजा बघू, १० सेंटिमीटरमध्ये टाके किती?"